मुदतवाढ

दिवाळी अंकात खनिज तेल कशाला, असं कुणी विचारील. पण ॲबर्डीनमधल्या आपल्या कितीतरी घरांची चूल उत्तर समुद्रावर पेटते. 'नवे परवाने द्यावेत की नाही' यावर इथे कडाक्याचे वाद होतात. मला मात्र जुन्या परवान्यांच्या मुदतीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

एप्रिल १९६४ मध्ये ब्रिटनने कॉन्टिनेंटल शेल्फ कायदा केला आणि त्याच वर्षी तेलशोधाचे पहिले परवाने दिले. मंत्री फ्रेडरिक एरोल यांनी लिलाव टाळला. कंपनी काम किती करणार ते पाहून समुद्राचे चौकोन वाटले. खरी गोम मुदतीत होती. परवाना सहा वर्षांचा. पुढची चाळीस वर्षं हवी असतील तर किमान निम्मा भाग सरकारला परत! साहजिकच नुसती जागा अडवून बसण्यात फायदा नव्हता. १९६५ मध्ये बीपीला वायू सापडला, १९७० मध्ये फोर्टीज हे मोठं तेलक्षेत्र.

पण एकदा मुदतवाढ मिळाली की चाळीस वर्षं अटी बांधलेल्या. देशाच्या पदरात फार कमी पडतंय, असे ताशेरे पार्लमेंटच्या लोकलेखा समितीने १९७३ मध्ये ओढले. शेवटी १९७५ मध्ये कायदा करून चालू परवान्यांच्या अटी बदलाव्या लागल्या. मुंबईत पागडीचा भाडेकरू ठेवलेल्यांना ही अडचण समजावून सांगायला नको!

आपल्या मुंबईच्या समुद्रातही मुदतीचा प्रश्न आलाच. ओएनजीसीने शोधलेली पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रं डिसेंबर १९९४ मध्ये पंचवीस वर्षांच्या कराराने ओएनजीसी, रिलायन्स आणि एन्रॉन यांच्या भागीदारीकडे गेली. वाटे ४०, ३० आणि ३० टक्के. एन्रॉनचा वाटा २००२ मध्ये इथल्या बीजी कंपनीने घेतला. बीजी २०१६ मध्ये शेलकडे गेली. मधल्या काळात खर्चवसुली आणि रॉयल्टीवरून सरकारशी वाद झाला, तो लंडनच्या लवादापर्यंत पोचला. डिसेंबर २०१९ मध्ये मुदत संपली. भागीदारांनी मुदतवाढ घेतली नाही आणि पन्ना-मुक्ता पुन्हा ओएनजीसीकडे आलं.

जुन्या शोधक्षेत्रांना मुदतवाढ देताना नफ्यातला सरकारचा वाटा दहा टक्क्यांनी वाढेल, असं धोरण दिल्लीने २०१७ मध्ये आणलं. मला ते शहाणपणाचं वाटतं. करार चालू असताना मालकाचे हात बांधलेले असतात. ते सुटतात मुदत संपण्याच्या दिवशी.

२०२४ मध्ये आलेल्या लेबर सरकारचं धोरण म्हणजे नव्या क्षेत्रांच्या शोधाला परवाने नाहीत, चालू क्षेत्रं मात्र चालू राहतील. म्हणजे खरे निर्णय जुन्या परवान्यांवरच होणार. उरलेल्या तेलात देशाचा वाटा किती? कामगारांचं पुढे काय? प्लॅटफॉर्म मोडण्याचा खर्च कुणाचा? मंडळी, मतं मागायला उमेदवार दारात येतील तेव्हा हे तीन प्रश्न जरूर विचारा. चहा-चिवडा झाल्यावर विचारलेत तरी चालेल!