गाठीच्या तापाचे दिवस

आमची आजी कल्याणच्या पारनाक्यावरच्या वाड्यात नांदली. पापड लाटायला बायका जमल्या की तिच्या सासूबाईंकडून ऐकलेली गाठीच्या तापाची गोष्ट निघायचीच. पणजोबा मुंबईला मांडवीत धान्याच्या पेढीवर कारकून. त्याच मांडवीत १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. कल्याणला सगळ्यांना फलाटावर उतरवत, डॉक्टर नाडी बघत, काखेत आणि जांघेत गाठ चाचपत. बायकांना तर मेल्याहून मेल्यासारखं होई. संशय आला की रवानगी छावणीत. पणजोबांनाही तिथे अडकवलं होतं. आजी कधीकधी मात्र त्यांच्या धाकट्या भावाचं नाव घ्यायची. पणजी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी फडक्यात बांधून धाडायची. ती आत पोचत होती की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

सरकारला एवढी घाई कशाची झाली, हे मला मोठेपणी वाचून उमगलं. युरोपातली बंदरं हिंदुस्थानचा माल अडवू लागली होती आणि फेब्रुवारीत व्हेनिसला प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती. त्याआधीच, ४ फेब्रुवारी १८९७ला, साथरोगांचा कायदा झाला. माणसं मरत होती म्हणून नव्हे, व्यापार बुडेल म्हणून सरकार हललं, असं मला वाटतं. आणि लोकांच्या संतापापुढेच ते नमलं. जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढच्या मार्चमध्ये मुंबईत दंगल उसळली, तेव्हा कुठे तपासणीचा जाच सैलावत गेला.

स्वराज्यातही बाहेरचा रेटा होताच. जागतिक आरोग्य संघटनेने देवी हटवायचं ठरवलं आणि १९६२मध्ये आपला देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९८८मध्ये तिने पोलिओचं मनावर घेतलं, मग १९९५च्या डिसेंबरात आपल्याकडे पल्स पोलिओ आला. पण आता दारात प्लेगच्या वेळचे गोरे सोजीर नव्हते, ओळखीच्या अंगणवाडीच्या बाई होत्या. मतं मागायला येणाऱ्या सरकारला पोरांची काळजी वाहावीच लागते, असं आजीचं म्हणणं. आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहायचो. माझ्या दोन वर्षांच्या लेकाला कडेवर घेऊन ती स्वतः शाळेतल्या केंद्रावर गेली. थेंब पाजून झाल्यावर तिथल्या मुलींना म्हणाली, "सकाळपासून उभ्या आहात गं, काही खाल्लंत का?" आणि पदराआडून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा काढला.