सेट-टॉप बॉक्स आणि ऐकीव सल्ले

२४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमधील जुन्या पद्धतीचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण थांबविण्यात आले आणि २००७ साली व्हाइटहेवन या समुद्रकाठच्या लहानशा गावापासून सुरू झालेले ब्रिटनचे डिजिटल स्थित्यंतर पूर्णत्वास गेले. त्यानंतर बरोबर सातव्या दिवशी, ३१ ऑक्टोबरच्या मध्यरात्री, मुंबई महानगरात केबलवरून येणारे जुने प्रक्षेपण कायद्याने बंद झाले. तिकडे प्रश्न होता तो छपरावरच्या अँटेनाचा, इकडे खिडकीतून घरात शिरणाऱ्या वायरीचा. एवढा फरक सोडला तर सामान्य कुटुंबापुढील पेच सारखाच होता: चालता-बोलता संच एका रात्रीत मुका होणार आणि एक नवी पेटी आणून जोडल्याखेरीज तो पुन्हा बोलणार नाही. मात्र ब्रिटनमध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या वृद्धांच्या व अपंगांच्या घरी जाऊन ती पेटी जोडून देण्याची आणि ती कशी वापरावी हे शिकविण्याची एक योजना होती. बीबीसीच्या परवाना शुल्कातून त्यासाठी रक्कम राखून ठेवलेली होती. आपल्याकडे तसे काही नव्हते. आपल्याकडे मुदत होती, जाहिरात होती आणि केबलवाला होता.

या केबलवाल्याला समजून घेतल्यावाचून पुढचा इतिहास उलगडणार नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा वसईच्या पट्ट्यातील ज्या मोजक्या घरांत संच आले त्यांच्या छपरांवर वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड केलेले अँटेना उभे राहिले. वारा सुटला की अँटेना फिरे, पडद्यावर मुंग्या येत आणि घरातला थोरला मुलगा कौलांवर चढून ‘आलं का?’ असे ओरडत असे. त्या काळी सल्ला देणारा आणि घेणारा एकाच छपराखाली राहत होते, असे म्हणावयास हरकत नाही. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची ओढ लावली, १९९२ मध्ये झी टीव्ही आला आणि गल्लोगल्ली छत्र्या बसवून वायरी ओढणारे तरुण पुढे आले. नारळावरून आंब्यावर, आंब्यावरून विहिरीच्या रहाटापलीकडे अशी ती वायर जाई. बहुधा गावातलाच एखादा होतकरू मुलगा ती ओढत असे. महिन्याला येऊन पैसे नेई, कार्डावर सही करी, बिघाड झाला की रात्री नऊ वाजताही शिडी घेऊन हजर होई. १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला, नोंदणी सक्तीची झाली. परंतु कोणत्या केबलवाल्याकडे किती घरे आहेत, हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते.

सारी मेख येथेच होती. वाहिन्यांच्या कंपन्यांना घरटी पैसे हवे होते. केबलवाला सांगेल तो आकडा त्यांना मान्य करावा लागे आणि तो आकडा प्रत्यक्षाच्या मानाने फारच लहान असे. करमणूक कर वसूल करणाऱ्या राज्य शासनाची गत याहून निराळी नव्हती. जुन्या पद्धतीत वायरीतून जाणारे चित्र ज्याच्या घरी वायर पोहोचली त्याला दिसत असे, मोजणीला वाव नव्हता. डिजिटल पद्धतीत चित्र कुलूपबंद होऊन येते आणि ज्याच्या बॉक्समध्ये किल्ली आहे त्यालाच ते उघडता येते. म्हणजे प्रत्येक घर आपोआप मोजले जाते. शिवाय जुन्या वायरीत जेमतेम शंभराच्या आत वाहिन्या मावत, नव्या पद्धतीत त्या कित्येक पटींनी मावतात. जाहिरातींत सांगितले गेले ते या दुसऱ्या कारणाविषयी: सुस्पष्ट चित्र, भरपूर वाहिन्या. पहिले कारण, म्हणजे मोजणी, फारसे कोणी उच्चारले नाही. ते सांगितले असते तर लोकांनी बॉक्स नाकारला असता असे आम्हांस वाटत नाही. उलट हा बदल आपल्यावर का येत आहे, हे तरी त्यांना कळले असते.

मुदतींवरचा विश्वास त्याआधीच उडालेला होता. जानेवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने चार महानगरांसाठी ‘कॅस’ नावाची पद्धत जाहीर केली. पैसे भरून पाहावयाच्या वाहिन्यांसाठी बॉक्स सक्तीचा. मुदत प्रथम जुलैची होती, ती सप्टेंबरवर गेली. १ सप्टेंबरला चेन्नईत ती अमलात आली, इतरत्र राजकारण आणि निवडणुका आड आल्या, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारने अधिसूचनाच स्थगित केली. ज्यांनी भल्या पहाटे रांग लावावी तशा घाईने बॉक्स घेतले होते त्यांचे काय, हे कोणी विचारले नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबईच्या दक्षिण भागात आणि दिल्ली व कोलकात्याच्या ठरावीक भागांत ‘कॅस’ लागू झाले. दर मात्र स्वच्छ ठरवून दिलेले होते: विनामूल्य वाहिन्यांच्या संचाला कर वगळून ७७ रुपये, प्रत्येक सशुल्क वाहिनीला ५ रुपये, बॉक्स भाड्याने हवा असल्यास ९९९ रुपये अनामत व महिना ३० रुपये, किंवा २५० रुपये अनामत व महिना ४५ रुपये. कागदावर याहून सुबोध व्यवस्था असू शकत नाही. परंतु रस्त्याच्या एका बाजूला ‘कॅस’ आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी शहराची वाटणी झाल्यावर एका बाजूचा सल्ला दुसऱ्या बाजूला लागू पडेना.

२०११ च्या अखेरीस संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि साऱ्या देशासाठी चार टप्पे ठरले. पहिल्या टप्प्यात चार महानगरे होती. त्यांची ३० जून २०१२ ची मुदत बॉक्स पुरेसे न लागल्यामुळे ३१ ऑक्टोबरवर गेली. ‘पाहा, आम्ही म्हटलेच होते,’ असे म्हणणाऱ्यांना जोर चढला, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जी झुंबड उडाली तिचे खापर लोकांच्या आळसावर फोडण्यात आले. दहा वर्षांत ज्यांनी तीन मुदती मोडताना पाहिल्या त्यांनी चौथीवर विश्वास का ठेवावा?

या झुंबडीत ऐकीव सल्ल्यांना ऊत आला. जुना संच टाकून द्यावा लागेल, हा पहिला सल्ला. आणि तो देणारे बहुतेक नव्या सपाट संचांचे विक्रेते. वस्तुतः ज्या संचाला मागच्या बाजूस पिवळी, लाल व पांढरी वायर जोडण्याची सोय होती तो कितीही जुना असला तरी चालणार होता. ती सोय नसलेल्या त्याहून जुन्या संचांनाही जोडता येतील असे उपाय होते. डिजिटल म्हणजेच एचडी, हा दुसरा गैरसमज. एचडी ही निराळी आणि महाग गोष्ट. साध्या डिजिटलला साधा संच पुरे. घरात दोन संच असले तर एक बॉक्स दोहोंना पुरेल असे कोणी सांगे. तो पुरेही, फक्त आजोबांनी बातम्या लावल्या की आतल्या खोलीतही बातम्याच दिसत. ज्यांच्या गच्चीवर आधीपासून डीटीएचची छत्री होती त्यांनी काहीही करावयाचे नव्हते, कारण ती मुळातच डिजिटल होती. अशांपैकीही काहींनी दंड होईल या भीतीने केबलचा बॉक्स घेऊन ठेवला. आमच्याकडे धर्मग्रामाच्या कार्यालयात लग्नाच्या नोंदी आणि बाप्तिस्म्याचे दाखले मागावयास येणारे वयस्क लोक जाता जाता हेच प्रश्न विचारू लागले, तेव्हा सरकारचा हेतू आणि लोकांचे आकलन यांच्यात केवढे अंतर पडले आहे ते ध्यानात आले. प्रश्न विचारण्यासारखी दुसरी जागाच त्यांना नव्हती. केबलवाल्याला विचारावे तर तो विकणारा. दुकानदाराला विचारावे तर तोही विकणारा. आणि मुलगा आखाती देशात.

वसईकरांची गोष्ट तर आणखी मौजेची. आमची माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात आणि मुंबईची बातमी संध्याकाळी घरी आणतात. मुंबईची मुदत वसईला लागू नव्हती. दुसऱ्या टप्प्यातील अडतीस शहरांची मुदत ३१ मार्च २०१३ होती आणि त्यांत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली यांचा समावेश होता. यांतही वसई-विरार नव्हते. परंतु त्या वेळी पालघर जिल्हा अस्तित्वात आलेला नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तोवर आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो. साहजिकच यादीतील ‘ठाणे’ म्हणजे आपलाच ठाणे जिल्हा, असा पुष्कळांचा समज झाला आणि तो दूर करण्याची निकड पैसे घेणाऱ्यांना वाटली नाही. इतर नागरी भागांसाठी तिसऱ्या टप्प्याची मुदत होती ती अखेर ३१ डिसेंबर २०१५ ठरली, आणि ग्रामीण भागाची ३१ मार्च २०१७ पर्यंत लांबली.

सर्वांत अधिक खेद वाटावा अशी बाब वेगळीच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१२ मध्येच असा नियम केला होता की प्रत्येक केबलवाल्याने शंभर विनामूल्य वाहिन्यांचा एक मूळ संच कर वगळून १०० रुपयांत दिला पाहिजे. बॉक्स विकत, हप्त्याने किंवा भाड्याने घेण्याची मुभा ग्राहकाला असली पाहिजे. वाहिन्या निवडण्याचा अर्ज, तपशीलवार बिल आणि पावती त्याला मिळाली पाहिजे, असेही नियमांत होते. पेन्शनवर किंवा मुलांनी धाडलेल्या पैशांवर राहणाऱ्या वृद्धेला शंभर रुपयांचा हा संच पुष्कळ झाला असता. तो आहे हे तिला कोणी सांगितले नाही. जाहिराती तिला मुदत सांगत होत्या, हक्क सांगत नव्हत्या. अर्ज भरून घेण्याचे काम मुंबईसारख्या शहरातही २०१३ मध्ये महिनोन्‌महिने रेंगाळले, आणि ‘सगळे चॅनेल’ असे केबलवाल्यानेच लिहून अर्जावर सही घ्यावी, हा प्रकार सर्रास चालला. त्यात भर म्हणजे दुसऱ्या टप्प्याची मुदत महिन्यावर आलेली असताना २८ फेब्रुवारी २०१३ च्या अर्थसंकल्पात बॉक्सवरील आयात शुल्क ५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आले. वस्तू सक्तीची करावयाची आणि त्याच वेळी तिच्यावरील कर दुप्पट करावयाचा, यातील तर्क आम्हांस अद्याप उमगलेला नाही. देशी उत्पादनाला संरक्षण, असे त्याचे कारण देण्यात आले. त्या घडीला वापरात येणारे बॉक्स मात्र मुख्यतः परदेशी होते.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. केबलवाला हा या कथेतील खलपुरुष नव्हे. वर मोठ्या वितरण कंपन्या आणि खाली ओळखीपाळखीची घरे यांच्या कात्रीत तो सापडला होता. बॉक्सचे पैसे त्याने आगाऊ भरावयाचे, वसुली त्याने करावयाची, शिव्या त्याने खावयाच्या आणि दर मात्र त्याला दर महिन्याला बदलून सांगितले जावयाचे. वीस वर्षे ज्याने घर-घर जोडले त्याचाच धंदा मोजणीच्या नावाखाली त्याच्या हातून निसटत होता. तो चुकीचा सल्ला देत होता, कारण पुष्कळदा त्यालाही बरोबर माहिती कोणी दिलेली नसे. मात्र एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या वायरीवर चालत नाही, म्हणजे हजार-बाराशे रुपये देऊन आपण एका केबलवाल्याशी बांधले जात आहोत, हे ग्राहकाला सांगण्याइतपत त्याला नक्कीच माहीत होते.

यातून काही शिकावे, तर २०१९ उजाडले. आता प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर होणार, हवी तीच घ्यावयाची आणि तिचेच पैसे द्यावयाचे, असा नवा नियम आला. न्यायालयीन वाद ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयात संपला आणि २९ डिसेंबरची तारीख ठरली. त्या रात्री साऱ्या देशातील संच काळे पडणार, ही वावडी मोबाइलवरून अशी पसरली की प्राधिकरणाला प्रसिद्धीपत्रक काढून ती खोडावी लागली. मुदत ३१ जानेवारी, आणि पुढे न निवडणाऱ्यांसाठी ३१ मार्च अशी सरकली. शंभर वाहिन्यांच्या जोडणीला १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पुढच्या प्रत्येक पंचवीस वाहिन्यांना २० रुपये. एचडी वाहिनी एक असली तरी मोजणीत दोन. आणि यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत निराळी. ज्याला हा हिशेब समजला तो खरोखरच पैसे वाचवू शकत होता. परंतु शेकडो नावांची यादी वाचून निवड करणे एखाद्या सत्तरीच्या गृहस्थाला, तेही केबलवाला दारात उभा असताना, कसे जमावे? पुष्कळ घरांनी समोर धरलेला तयार गुच्छ घेतला आणि अनेकांचे मासिक बिल खाली येण्याऐवजी वर गेले. वर्षभरातच, १ जानेवारी २०२० रोजी, प्राधिकरणाने नियम सुधारला आणि त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या देण्याचे ठरविले.

या सर्व काळात एक वाट उघडी होती, आणि तिच्याविषयी विकणाऱ्यांपैकी कोणी अवाक्षर काढले नाही. प्रसारभारतीने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेल्या, पुढे ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखल्या गेलेल्या सेवेला महिन्याचे शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की झाले. ज्या सल्ल्यातून कोणालाच दरमहा काही मिळत नाही तो सल्ला दारापर्यंत कसा यावा? दूरदर्शनचे जुने मनोरे २०२२ पर्यंत, काही थोडे वगळता, टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले, आणि ज्या घरी अजून अँटेनावरच भागत होते तेथेही हा प्रश्न जाऊन पोहोचला. आमच्या माहितीतील एक निवृत्त शिक्षिका तेवढ्यासाठी पुन्हा केबल घेण्याच्या बेतात होत्या. त्यांच्या नातवाने बाजारातून छत्री आणून गच्चीवर बसविली. गच्चीवरून तो ओरडला, खालून बाईंनी चित्र आल्याचे सांगितले, आणि पुढल्या महिन्यापासून त्यांच्या हिशेबाच्या वहीतून केबलचा रकाना गेला.