आज्ञा कुणाची?

शाळेच्या पुस्तकात पंडिता रमाबाई मला चार ओळींत भेटल्या होत्या. संस्कृत पंडिता, शारदा सदन, मुक्ती मिशन, संपलं. पुढे त्यांचा पत्रव्यवहार वाचायला घेतला. धर्मांतर केलेल्या बाईची पत्रं म्हणजे नुसता भक्तिभाव असणार, असं मी धरून चालले होते. निघाला पानोपानी वाद.

१८८३ साली रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वय २५, नवरा वर्षभरापूर्वी वारलेला. वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला. या सिस्टर्स लंडनमध्ये फुलहॅमला समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी काम करत. रमाबाईंना नवल वाटलं. ज्यांना धर्मशास्त्र कठोर शिक्षा सांगतं, त्यांची इतकी काळजी कशासाठी? उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला गेला.

त्यातली गोष्ट साधी आहे. विहिरीवर एक शोमरोनी बाई येते. यहुदी लोक तिच्या जमातीशी संबंध ठेवत नसत. तिला पाच नवरे झालेत, आता सोबत असलेला नवरा नाही. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. पाणवठ्यावरचा विटाळ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. रमाबाईंनाही नको होता. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दया त्या अशा शिकल्या. आज्ञापालन शिकवणं मात्र सिस्टर्सना जड गेलं. त्रैक्यासारखी मतं केवळ चर्च सांगतं म्हणून मानायला रमाबाई तयार नव्हत्या. बायबल उघडून त्या विचारत, हे यात कुठे आहे? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी मुलग्यांना शिकवायचा प्रश्न निघाला तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली. त्यावर त्यांनी सुनावलं, की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने कधी अशी हरकत घेतली नव्हती. सिस्टर जेराल्डाईनना त्यांनी लिहिलं, की भटजींचं जू मानेवरून उतरवलं ते दुसऱ्या कुणाचं चढवून घ्यायला नाही. देवाची आज्ञा मानायची, पण ती काय आहे हे स्वतः वाचून ठरवायचं, असा त्यांचा हिशोब होता.

फुलहॅममध्ये पाहिलेलं त्या विसरल्या नाहीत. पुढे केडगावला मुक्तीच्या आवारात त्यांनी तशाच बायकांसाठी घर काढलं. नाव ठेवलं ‘कृपासदन’.

इथे मी अडखळते. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या. रमाबाईंनी बिशपला ‘नाही’ म्हटलं तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती, नाव होतं. भुकेने अर्धमेल्या पोरीने जीव वाचवणाऱ्या बाईला ‘नाही’ म्हणायचं कशाच्या जोरावर? जिथे दया करणारा आणि आज्ञा करणारा एकच असतो, तिथे ‘हो’ किती मोकळं असतं? त्या मुलींचे पत्रव्यवहार छापले गेलेले नाहीत.

रमाबाईंचं यावर उत्तर असेल, तर ते मला त्यांच्या शेवटच्या कामात दिसतं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अनेक वर्षं खपून अख्खं बायबल मराठीत आणलं. कलकत्त्याने जिला संस्कृतसाठी ‘पंडिता’ म्हटलं, तिने मुद्दाम संस्कृत शब्द टाळून साधी बोली निवडली. अल्पशिक्षित बाईला कुणाच्या मदतीशिवाय वाचता यावं म्हणून. खिळे जुळवणं, छपाई ही कामं मुक्तीतल्या बायकांनीच केली.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा हे काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. त्यांनी मुलींकडून आज्ञापालनाची अपेक्षा ठेवली असेलच. पण ‘हे यात कुठे आहे?’ असं विचारायचं साधनही त्यांच्याच हातात ठेवून गेल्या. ते कितीजणींनी वापरलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.