समुद्रकाठची हवा डोंगरमाथ्यावर

पुण्याहून बोरघाट उतरून, पेण-अलिबागवरून मुरुडच्या रस्त्याला लागले की वाटेत काशीद येते. सुट्टीच्या दिवशी तेथे सुरूच्या बनाजवळ गाड्यांची रांग लागलेली असते. त्यांतल्या पुण्याहून आलेल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनाने वाटेत एक बदल अनुभवलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तेथील हवेचा दाब काशीदच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. तापमान सारखे असेल, तर त्याच सिलिंडरमध्ये काशीदला थोडी जास्त हवा मावते.

याचे महत्त्व काय? एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येईल, पण हवा कोठून आणणार? इंजिनाची ताकद एका वेळी किती हवा आत घेता येते, यावर ठरते.

ही अडचण सोडवण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमधील ऊर्जा वाया जाते. त्या वायूंनी एक पातेचक्र फिरवायचे, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हाच टर्बोचार्जर.

त्याची पहिली मोठी गरज विमानांना भासली, कारण उंचावर हवा विरळ होते. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. जणू समुद्रकाठची हवाच डोंगरमाथ्यावर आणून दिली!

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मॉसच्या टर्बोने हरवलेली हवा परत दिली, जास्तीची दिली नाही. त्यामुळे इंजिनाचा मूळ हिशेब फारसा बिघडला नाही. मोटारीत मात्र टर्बो समुद्रकाठीच, असलेल्या हवेवर आणखी हवा भरतो. खरी कसोटी तेथे सुरू झाली.

सायकलचा पंप तोंड बंद करून चार वेळा जोराने दाबा आणि बुडाला हात लावून पाहा. हवा दाबली की तापते. टर्बोत तापलेली हवा सिलिंडरमध्ये दट्ट्या पुन्हा दाबतो. ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने पसरत जाते. पण दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण फार तापले, तर ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप एकदम पेट घेते. इंजिनातून ठकठक ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले, तर दट्ट्या फुटतो किंवा वितळतो.

१९६२ मध्ये जनरल मोटर्सने टर्बोच्या दोन मोटारी बाजारात आणल्या, आणि या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे दिली. कॉर्व्हेर मोंझा स्पायडरमध्ये संपीडनाचे गुणोत्तर ८ पर्यंत खाली आणले. ओल्डस्मोबील जेटफायरमध्ये ते १०.२५ इतके उंच ठेवले आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचा फवारा योजला. त्या द्रवाची टाकी वेळोवेळी भरावी लागे, आणि अनेक मालक ती भरायला विसरत. जेटफायरचे उत्पादन दोन वर्षांतच थांबले.

१९७७ मध्ये साब कंपनीने ९९ टर्बो ही मोटार दाखवली. दाब मर्यादेबाहेर गेला की जादा वायू पातेचक्राला वळसा घालून सोडून देणारी झडप तिच्यात होती. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी याच कंपनीने इंजिनाला ‘कान’ दिला. इंजिनावरचा संवेदक नॉकिंगची कंपने टिपी आणि दाब आपोआप उतरवला जाई.

आज हा हिशेब संगणक ठेवतो. त्याच्या स्मृतीत पाढ्यांसारखे तक्ते असतात: इतके फेरे आणि इतका भार असेल, तर इंधन किती, ठिणगी केव्हा, दाब किती. टाटा मोटर्सने २०१४ मध्ये झेस्ट गाडीत १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन दिले. त्यात बटण दाबून ‘सिटी’, ‘इको’ किंवा ‘स्पोर्ट’ निवडता येई. लोखंड तेच, पण बटणागणिक गाडीची चाल निराळी.

आता गाडीचा मालक मोठा इंटरकूलर आणि मोकळा सायलेन्सर बसवतो, असे समजा. इंटरकूलर हवा थंड करतो, म्हणजे ती दाट होते. सायलेन्सरचा अडथळा कमी झाल्याने पातेचक्र जोराने फिरते आणि दाब वाढू शकतो. काही गाड्यांत संगणक आत येणारी हवा थेट मोजतो. काहींत तो दाब व तापमान यांवरून जुन्या तक्त्याच्या आधारे अंदाज बांधतो. दुसऱ्या प्रकारात अंदाज चुकतो, इंधन कमी पडते आणि भर वेगात दट्ट्या जळू शकतो. सुटा भाग बसवला, पण तक्ता जुनाच राहिला!

म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी गाडी रोलरच्या चाचणीयंत्रावर चढवतो. सुरुवातीला दाब कमी, इंधन थोडे जास्त आणि ठिणगी जरा उशिरा ठेवतो. पूर्ण भाराला १४.७ ऐवजी १२ च्या आसपासचे प्रमाण धरतात, कारण जादा इंधन आतली उष्णता शोषते. मग बाहेरच्या वायूतील ऑक्सिजन मोजत आणि नॉकिंगवर कान ठेवत तो एका वेळी एकच आकडा बदलतो. आपल्या प्रयोगशाळेतलाही नियम हाच नाही का? शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आहेच. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही.

टर्बोचा इतिहास नव्या भागांइतकाच हिशेब पुन्हा मांडण्याचाही आहे. विद्यार्थ्यांना शेवटी एक प्रश्न विचारून पाहा. जास्तीत जास्त दाबासाठीचा तक्ता पुण्यात बसवून घेतलेली गाडी काशीदला गेली, तर तिची आधी कोणती गोष्ट तपासाल? उत्तरापेक्षा, उत्तर देण्यापूर्वी ते ‘तापमान किती, पेट्रोल कोणते’ असे विचारतात का, हे पाहा.