साग, साल आणि वणवा

विदर्भ आणि मध्य भारतातल्या पानझडी जंगलात वणव्याचे दिवस फाल्गुनात सुरू होतात आणि मृगाच्या पावसाने संपतात. वळवाच्या विजेने लागणारी आग थोडी. बाकीची माणसाने लावलेली असते. मोहाखाली पडलेली फुले वेचायला सोपे जावे म्हणून पाचोळा पेटवतात, विडीसाठी तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळतात, गुरांना हिरवा कोंब मिळावा म्हणून गवताला काडी लावतात. ही आग जमिनीलगत सरकते. गवत, पाचोळा आणि रोपटी खाऊन ती पुढे जाते. मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत क्वचितच पोचते.

ऑस्ट्रेलिया किंवा कॅलिफोर्नियातल्या वणव्याची दृश्ये डोळ्यांपुढे ठेवून इथल्या आगीचा विचार केला तर फसगत होते. तिकडे आग शेंड्याशेंड्यांवरून धावते आणि बँक्सियासारखी झाडे आपले बी घट्ट मिटलेल्या फळांत वर्षानुवर्षे फांदीवरच सांभाळतात. आगीची धग लागली की फळ उकलते. इथल्या झाडांनी आपली शिल्लक जमिनीखाली ठेवली आहे. खोड जळून गेले तरी मूळ जगते आणि पुन्हा फुटते. पळस आणि तेंदू तर लांबवर पसरलेल्या मुळांवरूनही नवे कोंब काढतात. एक झुडूप जाळले की आजूबाजूला चार उगवतात, हे तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांना शिकवावे लागले नाही. अलीकडे आगीऐवजी खुटकटाई करतात, म्हणजे हंगामाआधी झुडपे जमिनीलगत छाटतात. झाडाला दोन्हींचा अर्थ एकच: वरचे गेले, खालून फुटायचे.

मोठ्या झाडाचे संरक्षण सालीत असते. सालीखालचा वाढीचा थर सुमारे ६० अंश सेल्सिअसला मरतो. तेवढी उष्णता आत पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साल दुप्पट जाड झाली की झाडाला चौपट वेळ मिळतो. गवताची आग एका जागी फार वेळ थांबत नाही, त्यामुळे एवढी सवलत पुरते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटींनी तडकलेली आणि जाड असते. कुंभ्याची सालही तशीच जाड. तिचे तंतू भडकत नाहीत, नुसते धुमसत राहतात, म्हणून तोड्याच्या बंदुकीची जामगी त्यांपासून करत. साग, पळस यांसारखी झाडे आगीच्या दिवसांत निष्पर्ण असतात हाही एक बचावच. पानेच नाहीत तर जळण्यासारखे फारसे उरत नाही.

गवतांमध्ये कुसळीचे बी जवळून पाहण्यासारखे आहे. दाण्याचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते आणि त्यावर मागे वळलेले राठ केस असतात. वरच्या बाजूला बोटभर लांबीचे, पिळलेले काळपट कुसळ. हवा दमट झाली की कुसळाचा पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो. रात्रीच्या गारव्याने आणि दिवसाच्या उन्हाने कुसळ असे उलटसुलट फिरत राहते आणि दाणा मातीत शिरतो. मागे वळलेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. मातीच्या एक-दोन सेंटिमीटर खाली गवताच्या आगीची धग फारशी जात नाही. वरचे गवत राख झाले तरी बी शाबूत राहते. धोतराला आणि मेंढीच्या लोकरीला छळणारे कुसळ मुळात या कामाचे आहे.

रानातल्या लोकांना यातले बरेच ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या वनखात्याला मात्र ते शिकायला दोन पिढ्या लागल्या.

डीट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ पासून ब्रह्मदेशात पेगूच्या सागवानी जंगलांची व्यवस्था पाहत होते. १८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. रेल्वेला स्लीपर हवे होते, गोद्यांना साग हवा होता आणि जंगले झपाट्याने तुटत होती. युरोपातल्या ज्या वनशास्त्रावर नव्या खात्याची घडी बसवायची होती, त्यात आगीला जागाच नव्हती. आग म्हणजे निव्वळ नुकसान. दर उन्हाळ्यात मैलोन्‌मैल पेटणारे जंगल पाहून या अधिकाऱ्यांना वाटलेली काळजी खोटी म्हणता येणार नाही. पण जंगल आगीपासून राखता येईल यावर त्या काळी खुद्द गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांचा विश्वास नव्हता.

ते करून दाखवले मध्य प्रांतात कॅप्टन पिअर्सन यांनी. सातपुड्यातल्या होशंगाबाद जिल्ह्यातले बोरीचे सागवानी जंगल १८६५ साली राखीव झाले आणि तिथे आग रोखण्याचा पहिला मोठा प्रयोग यशस्वी ठरला. पद्धत साधी होती. जंगलाच्या कडेने आणि आतून रुंद पट्टे आखायचे, पावसाळ्यानंतर त्यांवरचे गवत कापायचे, ते वाळले की आजूबाजूचे रान अजून ओलसर असतानाच पट्टा जाळून मोकळा करायचा आणि उन्हाळाभर राखणदार ठेवायचे. वनखात्याच्या मराठीत या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. आग रोखण्याचे मुख्य साधन पहिल्या दिवसापासून आगच होते, ही गंमत त्या काळच्या अहवालांत फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

बोरीच्या यशाने धोरण ठरले. १८७३-७४ मध्ये अलाहाबादला भरलेल्या वनपरिषदेत आगीपासून संरक्षण हा मोठा विषय होता. १८६५ चा पहिला वनकायदा अपुरा वाटल्याने १८७८ चा कायदा आला. राखीव जंगलात आग लावणे हा त्यात गुन्हा ठरला. १९२७ च्या कायद्यात तीच तरतूद कलम २६ मध्ये आली आणि आजही ती लागू आहे. आगीपासून राखलेले एकर हे चांगल्या कारभाराचे माप बनले. दरवर्षीच्या अहवालात त्याचा तक्ता असे.

ज्यांचे जगणे आगीवर अवलंबून होते त्यांना हे जाचले. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत जुनी. रोपाच्या वाफ्यावर शेण, झाडांच्या कोवळ्या फांद्या, पाचोळा आणि गवत यांचे थर देऊन, वर मातीचा हात फिरवून ते उन्हाळ्यात भाजतात. तणांचे बी मरते, राख मिळते आणि रोप जोमदार येते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी डहाळ्या तोडण्यावर बंधने आली, तेव्हा गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. कुमाऊंत गोष्टी आणखी पुढे गेल्या. १९२१ च्या उन्हाळ्यात तिथे राखीव चिडाची जंगले ठरवून पेटवली गेली. रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले आहे की लोकांनी सरकारला उत्पन्न देणारा चीड जाळला आणि स्वतःच्या उपयोगाची रुंदपानी राने मात्र वगळली. चिडाची साल जाड आणि तो जळूनही तगणारा, त्यामुळे या आगीत सरकारची जेवढी हानी झाली तेवढी चिडाच्या जातीची झाली नाही.

धोरणाला खरा धक्का मात्र खात्याच्या आतून बसला. १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात एच. स्लेड या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशात आगीपासून राखण गरजेपेक्षा जास्त झाली आहे, असे मथळ्यातच सांगणारा लेख लिहिला. वर्षानुवर्षे राखलेल्या दमट जंगलात बांबू आणि सदाहरित झुडपे माजली होती, आणि त्यांच्या सावलीत सागाचे रोपटे दिसेनासे झाले होते. जिथे आग जात होती तिथे ते दिसत होते. ज्या झाडासाठी एवढा खटाटोप, तेच झाड या बंदोबस्तात मागे पडत चालले होते.

याचे कारण सागाच्या फळात आणि मुळात आहे. सागाचे फळ म्हणजे बाहेर जाड लोकरी आवरण आणि आत हाडासारखा कठीण गाभा. गाभ्यात एक ते चार बिया. हे फळ मातीत वर्षानुवर्षे रुजल्याशिवाय पडून राहते. हलक्या आगीने लोकरी आवरण जळते, वरचा पाचोळा जातो, जमीन तापते आणि पावसाबरोबर बी उगवते. आग तीव्र असेल तर बीही जळते, हे खरे. रोपटे उगवल्यावर पुढच्या उन्हाळ्यात वणवा त्याचे खोड खातो, पण तोवर त्याने गाजरासारखे जाड सोटमूळ केलेले असते. दर पावसाळ्यात नवे खोड येते, दर उन्हाळ्यात जळते आणि मूळ फुगत जाते. एखाद्या वर्षी आग चुकली की साठलेल्या बळावर एकाच हंगामात खोड एवढे उंच आणि जाड होते की पुढची आग त्याचे फार बिघडवत नाही. सागाला ऊन हवे, सावली सोसत नाही. म्हणून गवत-झुडूप साफ करणारी आग त्याच्या पथ्यावर पडते.

हाच गुण वनखात्याच्या रोपवाटिका वापरत आल्या आहेत. वाफ्यात वाढवलेले रोप उपटायचे, बोटाएवढ्या जाडीच्या सोटमुळाचा वीतभर तुकडा आणि खोडाचा इंचभर बुंधा ठेवून बाकी सारे छाटून टाकायचे, आणि ही सागाची जडी पावसाच्या तोंडावर लावायची. वणवा जे करतो तेच कोयत्याने केलेले. ब्रह्मदेशात तर ब्रँडिस यांच्याच काळापासून कारेन लोकांच्या जाळून केलेल्या डोंगरशेतीत साग लावून घेण्याची ‘तौंग्या’ पद्धत सुरू होती. एका हाताने आग बंद करणारे खाते दुसऱ्या हाताने राखेत साग लावत होते.

सालवृक्षाची कथा याहून किचकट. महाराष्ट्रात साल जवळजवळ नाहीच. त्याचे राज्य हिमालयाच्या पायथ्यापासून छोटा नागपूर आणि छत्तीसगडपर्यंत. सालाचे बी पावसाच्या सुरुवातीला पिकते आणि आठवडाभरातच त्याची रुजण्याची ताकद जाते. म्हणजे ते वणव्याचे दिवस संपल्यावर पडते आणि त्याला लगेच उघडी माती लागते. बंगालच्या दुआर भागात आणि आसामात आग बंद केल्यावर जमिनीवर ओल्या पाचोळ्याचा थर साचला, सदाहरित झाडोरा वर आला आणि मोठ्या सालांखाली नवा साल येईना. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत आर. एस. होल यांनी १९१० च्या दशकात सालाच्या रोपांवर प्रयोग केले. पाचोळ्याखालच्या ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत मुळे गुदमरतात असे त्यांना आढळले. साल सागाप्रमाणेच खोड मरू देऊन मूळ वाढवत वर्षे काढतो. एखादे रोपटे उठायला दहा-वीस वर्षेही लागतात. वनशास्त्रज्ञ ट्रूप यांच्या १९२१ सालच्या तीन खंडी ग्रंथात भारतीय झाडांच्या अशा वागण्याची माहिती जागोजाग आहे. पुढे दमट सागवान आणि साल जंगलांत खात्याने स्वतःच, हिवाळ्याच्या अखेरीस, गवत अर्धवट ओले असताना हलकी आग लावायला सुरुवात केली.

म्हणून वणवा सदाच भला असा निष्कर्ष काढणे चूक. कोरड्या जंगलात दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आग गेली तर रोपटी वर येऊच शकत नाहीत. मूळ जिवंत, पण झाड कधी होत नाही. शेवटी म्हाताऱ्या झाडांचे जंगल उरते. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात उलटा अनुभव आला. तिथले सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत. अभयारण्य झाल्यावर ती बंद झाली. सोलिगांचे म्हणणे असे की त्यानंतर घाणेरी बेसुमार वाढली आणि आवळ्यावरची बांडगुळेही. आता घाणेरीच एवढी दाट आहे की आग लागली तर उंच आणि तीव्र भडकते, आणि जळल्यावर घाणेरी मुळापासून पुन्हा फुटते. परकी झुडूप इथल्या झाडांचाच डाव खेळते आहे. आग बंद करणे जेवढे सोपे तेवढे ती पुन्हा सुरू करणे सोपे नाही, हा या डोंगरांचा धडा.

गेल्या पंधरा वर्षांत परिसंस्थांच्या अभ्यासक जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले आहे की ज्याला आपण पानझडी जंगल म्हणतो त्यातला मोठा भाग खरे तर गवत आणि आग यांच्याबरोबर घडलेले विरळ झाडांचे सव्हाना रान आहे, बिघडलेले जंगल नव्हे. जाड साल, मुळांत साठवण आणि ऊन मागणारी रोपे हे सारे या मताला धरून आहे.

पुण्याजवळ तळेगाव दाभाडेच्या गवताळ माळावर या मताला एक लहानसा साक्षीदार मिळाला. आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार, आदित्य धारप आणि लंडनच्या क्यू उद्यानाचे इयन डार्बीशायर यांनी २०२४ मध्ये ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ ही नवी जात प्रसिद्ध केली. ती वर्षातून दोनदा फुलते: एकदा पावसाळ्यानंतर, आणि दुसऱ्यांदा माळ जळल्यावर मे-जूनमध्ये. दुसऱ्या वेळी जमिनीखालच्या लाकडी खोडक्यातून पाने न येता बुटक्या, थेट फुलांच्याच डहाळ्या वर येतात. ही रीत आफ्रिकेच्या सव्हानात अनेक वनस्पतींत दिसते, भारतात क्वचित.

सह्याद्रीच्या सदाहरित राईंना यातले काही लागू नाही. तिथल्या झाडांच्या साली पातळ, मुळांत साठवण नाही. तिथे वणवा शिरला तर फक्त नाश होतो आणि तिथली राखण कडकच हवी. माळाचे तसे नाही. तळेगावच्या माळाला पडीक समजून तिथे दाट झाडे लावली, तर कुठल्याही वणव्याआधी ही वनस्पती सावलीनेच संपेल.