बँटिंगचा एक औंस पाव

सन १८६२ च्या उन्हाळ्यात लंडन शहरी विल्यम बँटिंग नावाचा एक खाऊनपिऊन सुखी असा गृहस्थ घरातील जिना पाठमोरा उतरत असे. वय पासष्ट, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड. सरळ उतरावे तर देहाचा सारा भार गुडघ्यांवर व घोट्यांवर आदळे. वाकून बुटाची नाडी बांधणे तर केव्हाच सुटले होते. चारचौघांत जावे, भाड्याच्या गाडीत बसावे, तर लोक कुत्सितपणे हसत. म्हणून त्याने समाजात वावरणेही कमी केले होते.

बँटिंगच्या घराण्याचा धंदा मृतांच्या अंत्ययात्रेची सिद्धता करण्याचा. तिसऱ्या जॉर्ज राजाची १८२० सालची आणि सेनापती वेलिंग्टनची १८५२ सालची अंत्ययात्रा याच घराण्याने पार पाडली होती. या धंद्यातून निवृत्त झालेल्या बँटिंगने मेदाशी दीर्घकाळ झुंज दिली. नाना ठिकाणच्या औषधी झऱ्यांचे पाणी तो प्याला, समुद्रकिनारी राहिला, तुर्की स्नाने घेतली, औषधांचे बुधले रिकामे केले. एका वैद्यमित्राने व्यायाम सांगितला, तेव्हा भल्या पहाटे दोन दोन तास होडी वल्हवली. त्याने स्नायू बळकट झाले हे खरे, परंतु भूकही अशी खवळली की ती भागविताना वजन पूर्वीहून वाढले. अखेर मित्रानेच तो व्यायाम बंद करविला.

इतके करूनही ताटाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सकाळी दूध-पाव, किंवा दूधसाखर घातलेला भरपूर चहा व लोणी लावलेला भाजका पाव. दुपारी मांस, बिअर, पुष्कळसा पाव आणि पिठाचे गोड पदार्थ. सायंकाळी पुन्हा सकाळचाच प्रकार. रात्री फळे घातलेली गोड पेस्ट्री अथवा दूध-पाव. पावाची आपणांस पहिल्यापासून फार आवड, असे त्याने स्वतःच कबूल केले आहे. यात खादाडपणा होता असेही नव्हे. त्याच्या थरातील शेकडो इंग्रज हेच जेवत होते. कोकणातील माणसास भात वर्ज्य करावा किंवा देशावरील शेतकऱ्यास भाकरी सोडावयास सांगावी, म्हणजे इंग्रजास पाव सोडणे कसे वाटत असेल याची अटकळ बांधता येईल.

पुढे त्याला कमी ऐकू येऊ लागले. नेहमीचा कर्णवैद्य ऑगस्ट महिन्यात सुटीवर गेलेला, म्हणून तो विल्यम हार्वे नावाच्या दुसऱ्या शस्त्रवैद्याकडे गेला. (रुधिराभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो हा नव्हे, त्याला जाऊन तेव्हा दोन शतके होऊन गेली होती.) या हार्वेने १८५६ साली पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार या शास्त्रज्ञाची यकृत व शर्करा या विषयावरील व्याख्याने ऐकली होती. मधुमेहात पिष्ट व साखर कमी करतात, उलट जनावर पुष्ट करावयाचे तर त्यास पिष्टच भरवितात, या दोन गोष्टींची सांगड त्याच्या मनात बसली होती. कानाच्या आत चरबीचा दाब पडतो असे निदान करून त्याने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे सहा पदार्थ शक्य तितके वर्ज्य करण्यास सांगितले. ज्यांवर आजवर पिंड पोसला, तेच हे पदार्थ! बँटिंगला क्षणभर वाटले, आता खावयाचे तरी काय?

तथापि हार्वेची खरी कुशलता पुढेच दिसते. त्याने पाव समूळ तोडला नाही. सकाळच्या मांसाबरोबर कोरडा भाजलेला पाव फक्त एक औंस, दुपारच्या जेवणात तसाच एक औंस, सायंकाळी एखाददुसरे रस्क, अशी मोजून सवलत ठेवली. हा वाळका तुकडा घशाखाली उतरावा म्हणून त्यावर चमचाभर मद्य शिंपडण्यास हरकत नसल्याचे बँटिंग नमूद करतो. जेवणाबरोबर द्राक्षमद्याचे दोनतीन पेले आणि निजण्यापूर्वी आणखी थोडे, हेही चालू होते. आजचा वैद्य त्यास मुळीच संमती देणार नाही. परंतु आवडत्या पदार्थाचा रोज एक निश्चित घास मिळणार आहे, एवढ्या भरवशावर या वृद्धाने उरलेल्या पावाचा मोह आवरला. पोट मांसाने, माशांनी व भाजीपाल्याने भरलेले असल्यामुळे उपासाची कासाविशीही त्याच्या वाट्यास आली नाही. पुढील सप्टेंबरात, म्हणजे सुमारे वर्षभराने, त्याचे वजन १५६ पौंड भरले. कंबर बारा इंचांहून अधिक उतरली, कान सुधारले, आणि जिना तो सरळ उतरू लागला.

१८६३ साली त्याने स्थूलतेविषयी जनतेस उद्देशून एक पत्रवजा पुस्तिका छापली आणि आरंभीच्या प्रती पदरच्या खर्चाने फुकट वाटल्या. तारुण्यात मानवणारे काही पदार्थ उतारवयात बाधतात, घोड्यास रोज कडधान्य घातल्याने बाधावे तसे, असा दृष्टान्त त्याने दिला आहे. आपल्याकडील घोडा हरभऱ्यावरच पोसतो, तेव्हा येथील टांगेवाल्यास तो पटला नसता. पुस्तिका मात्र हातोहात खपली. वैद्यमंडळी खवळली, वैद्यकाचा गंध नसलेल्या माणसाने आहाराविषयी लिहावेच का, असा त्यांचा सूर होता. हार्वेलाही व्यवसायबंधूंची टीका सोसावी लागली. उपायामागील त्याची उपपत्ती अपुरी होती हे खरेच. पण टीकाकारांपाशी त्याहून बरे उत्तर नव्हते, आणि जिना उतरणारा मनुष्य साऱ्यांसमोर होता.

मात्र हा उपाय सर्वांच्या आवाक्यातला नव्हता. त्याच सुमारास सरकारच्या वतीने डॉक्टर एडवर्ड स्मिथ याने गरिबांच्या आहाराची पाहणी केली. तीत इंग्लंडातील शेतमजूर माणशी आठवड्यास सुमारे १२ पौंड पाव खातो असे आढळले. बँटिंगच्या दोन वेळच्या तुकड्यांची आठवड्याची बेरीज १४ औंस, म्हणजे एक पौंडही नव्हे. मजुराच्या घरी मांस फार थोडे येई, आणि जे येई ते बहुधा कमावत्या पुरुषाच्या ताटात पडे. बायकामुलांची भूक पावावरच भागे. पाव सोडला तर त्यांच्या ताटात उरणार काय? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा होऊन लँकशायरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या, ते दिवसही हेच. तेथील विणकर धर्मादाय पावासाठी रांगा लावीत होते, आणि त्याच कापसाच्या टंचाईने मुंबईचे व्यापारी एकाएकी गबर होत होते. पावाचा मोह कसा आवरावा हा प्रश्न त्या साली लंडनच्या एका जिन्यावर जितका खरा होता, तितकाच लँकशायरमध्ये अर्थशून्य होता.

बँटिंग पुढे १८७८ पर्यंत जगला व ८१ व्या वर्षी वारला. त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापद बनले; ‘बँटिंग करणे’ म्हणजे पथ्याने वजन उतरविणे. इंग्रजीत तो प्रयोग मागे पडला, परंतु स्वीडिश भाषेत ‘बांटा’ हे क्रियापद त्याच अर्थाने आजही रूढ आहे.