नोंद नसलेली तलवार : सिंदखेडराजा, साखरखेर्डा आणि शस्त्रसंग्रहाचे काम

#धागा #इतिहास #बुलढाणा

१/
बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून सर्वांना परिचित आहे. त्याच तालुक्याच्या भूमीवर अठराव्या शतकात अवघ्या तेहतीस वर्षांच्या अंतराने दोन महत्त्वाच्या लढाया झाल्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या लढायांत वापरलेल्या शस्त्रांचे पुढे काय झाले? प्रस्तुत धागा त्या प्रश्नाचा आहे, आणि ज्यावर त्याचे उत्तर अवलंबून असते त्या संग्रहालयातील एका अप्रसिद्ध कामाचाही आहे.

२/
पहिली लढाई साखरखेर्ड्याची, ऑक्टोबर १७२४. एका बाजूस निजामुल्मुल्क, दुसऱ्या बाजूस हैदराबादचा मोगल सुभेदार मुबारिजखान. दिल्लीच्या बादशहाची फूस असलेला मुबारिजखान रणात मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामाची सत्ता व्यवहारतः स्वतंत्र झाली. विजयाची खूण म्हणून गावाला ‘फत्तेखेर्डा’ हे नाव दिले गेले. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा प्रारंभ याच लढाईपासून धरला जातो.

३/
दुसरी लढाई सिंदखेडची, डिसेंबर १७५७. निजामाच्या पक्षातील रामचंद्र जाधवराव सिंदखेडमध्ये मराठ्यांच्या वेढ्यात अडकले होते. त्यांच्या मदतीस निजामअली धावून आला. मराठ्यांकडून पेशव्यांचे पुत्र विश्वासराव नावाने आणि दत्ताजी शिंदे प्रत्यक्ष रणात होते. अखेरच्या तहात निजामाला २५ लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला सोडावा लागला.

४/
दोन्ही लढायांची हकीकत कागदपत्रांत सापडते. शस्त्रांचे तसे नसते. लढाई संपली की जिंकणारी फौज तोफा, घोडे आणि हत्यारे गोळा करी. चांगले पाते नव्या मुठीत बसवले जाई, मोडके लोखंड पुन्हा भट्टीत जाई. साखरखेर्ड्याच्या रणात चाललेली एखादी तलवार आज एखाद्या दालनात मांडलेली असूही शकेल. परंतु ती तिथलीच आहे, हे नुसत्या पात्याकडे पाहून कोणीही सांगू शकणार नाही.

५/
त्यातच दख्खनी तलवारींची एक अडचण आहे. ‘फिरंग’ किंवा ‘फिरंगी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक तलवारींचे पाते युरोपात घडलेले आणि मूठ येथील कारागिराने घडवलेली असते. पाते एका खंडाचे, मूठ दुसऱ्या. पाते एका पिढीचे, मूठ त्यानंतरच्या. अशा वस्तूचे ‘गाव’ आणि ‘काळ’ ठरवायचा, तर शैलीचा अंदाज पुरत नाही, लेखी पुरावा लागतो.

६/
हा पुरावा जपणारी व्यक्ती म्हणजे संग्रह सहायक. लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात प्रेक्षकाला काचेमागची तलवार दिसते, संग्रह सहायक दिसत नाही. वस्तू दाराशी आली की त्याचे काम सुरू होते : लांबी, रुंदी, वजन, धातू, मुठीचा प्रकार, तुटफूट, गंज, छायाचित्रे. आणि यांपेक्षा महत्त्वाची माहिती म्हणजे वस्तू कोणी दिली, कोठून आली, कधी आली आणि देणाऱ्याने तिच्याविषयी नेमके काय सांगितले.

७/
त्यानंतर वस्तूला क्रमांक मिळतो. उदाहरणार्थ, १९६४.१२.३ म्हणजे १९६४ साली आलेल्या बाराव्या आवकेतील तिसरी वस्तू. हा क्रमांक वस्तूच्या सहसा न दिसणाऱ्या भागावर, आधी पारदर्शक लेपाचा थर देऊन, बारीक अक्षरांत लिहितात, म्हणजे गरज पडल्यास मूळ धातूला इजा न होता तो पुसता येतो. वस्तू एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली, तरी तिची नोंद होते. क्रमांक पुसला गेला किंवा नोंदवहीचे पान हरवले, तर तलवार शाबूत राहते, तिचा इतिहास मात्र जातो.

८/
हे काम पाश्चात्त्य संग्रहालयांसोबतच आपल्याकडे आले, असे समजण्याचे कारण नाही. शिवकालीन अठरा कारखान्यांत शस्त्रांचा शिलेखाना होता आणि त्याचा हिशेब ठेवला जाई. रघुनाथ पंडितांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रवर्ग हा स्वतंत्र विभागच आहे. शस्त्राला नेमके नाव देणे आणि ते मोजून नोंदवणे, हा राज्यकारभाराचा भाग होता.

९/
अशा नोंदीचा उपयोग किती, याचे उत्तम उदाहरण राजस्थानात सापडते. १६८९ च्या सुमारास मोगल फौजेने आदिलशाहीच्या ताब्यातील अदोनी (आज आंध्र प्रदेशात) घेतली, तेव्हा बिकानेरचे महाराजा अनुपसिंह त्या मोहिमेत होते. तेथील शस्त्रे बिकानेरला गेली. तेथील शस्त्रागारात अनेक हत्यारांवर टोच्याने ठिपके मारून अदोनीचा उल्लेख आणि कोठारातील नोंद कोरली गेली.

१०/
त्या ठिपक्यांना सौंदर्य नाही, कारकुनाने हिशेबासाठी केलेली ती खूण आहे. परंतु आज सतराव्या शतकातील दख्खनी शस्त्रांचा काळ ठरवताना अभ्यासक याच हत्यारांचा आधार घेतात. अमुक घडणीची कट्यार १६८९ पूर्वी दख्खनमध्ये अस्तित्वात होती, हे ठामपणे म्हणता येते, ते त्या अनामिक कारकुनामुळे.

११/
आता विदर्भाकडे परत येऊ. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपयांना एक तलवार मिळवली. ती नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले (पहिले) यांची. पाते युरोपीय, एकधारी, मुठीवर सोन्याचे नक्षीकाम. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. वऱ्हाडच्या महसुलात निजामाबरोबर वाटेकरी असलेल्या सत्तेची ही तलवार असल्याने बुलढाण्याच्या इतिहासाशीही तिचा थेट संबंध पोहोचतो.

१२/
ती रघुजींशी जोडता आली कशामुळे? पात्याच्या पाठीवर देवनागरीत त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब कोरलेला आहे म्हणून. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हाती गेली असावी, असा तर्क केला जातो. पण तो तर्कच आहे. तलवारीचा मालक लेखामुळे कळतो, तिचा प्रवास मात्र नोंदीअभावी अंदाजावर राहतो. एकाच वस्तूत दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात.

१३/
याउलट उदाहरण वाघनखांचे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे आणि पुढे संग्रहालयात गेली, इतका मार्ग ठाऊक आहे. अफझलखानाच्या वधात वापरलेली वाघनखे हीच, हे पडताळणे शक्य नसल्याचे ते संग्रहालय स्वतःच सांगते. भावना कितीही उत्कट असली, तरी नोंदवहीत ‘परंपरेनुसार’ आणि ‘सिद्ध’ हे दोन शब्द वेगळेच लिहावे लागतात. संग्रह सहायकाच्या कामातील सर्वांत कठीण शिस्त हीच.

१४/
दुसरी जबाबदारी वस्तू टिकवण्याची. हाताच्या घामातील क्षार पोलादावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटवतात, म्हणून हातमोजे. लोखंडाला कोरडी हवा मानवते. पण त्याच तलवारीचे लाकडी म्यान आणि चामडे अति कोरड्या हवेत तडकते. जुन्या म्यानात ओल आणि लाकडातील आम्ल कोंडून राहते, म्हणून पाते आणि म्यान बहुधा वेगवेगळे ठेवतात. एकाच वस्तूच्या दोन भागांना दोन प्रकारचे हवामान हवे असते, त्यातून मधला मार्ग काढावा लागतो.

१५/
घराघरांतील शस्त्रांना यापेक्षा मोठा धोका असतो, तो प्रेमाचा. खंडेनवमीला वा दसऱ्याला पूजेसाठी तलवार लिंबू, चिंच किंवा पॉलिश पेपरने लख्ख घासली जाते. त्यात गंजासोबत पोलादातील नैसर्गिक लहरी, मुठीवरची सोन्याची तार आणि कधीकधी पात्यावरची अक्षरेही झिजतात. रघुजींच्या तलवारीची पाठ अशीच पिढ्यान्‌पिढ्या घासली गेली असती, तर आज ती ‘अठराव्या शतकातील एक मराठा तलवार’ एवढीच उरली असती.

१६/
वस्तू जागेवरच नोंदवली गेली, तर काय हाती लागते, हे सिंदखेडराजानेच दाखवले आहे. लखुजीराव जाधव आणि त्यांचे पुत्र १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात दगाफटक्याने मारले गेले. लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तेथे प्राचीन मंदिराचे अवशेष आणि पाठोपाठ सुमारे १.७ मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. मूर्ती कोणत्या वास्तूच्या सान्निध्यात, किती खोलीवर होती, हे ठाऊक असल्यामुळेच तिचा अर्थ लावता येतो. तीच मूर्ती दलालाच्या गोदामात मिळाली असती, तर ती केवळ एक सुंदर मूर्ती ठरली असती.

१७/
म्हणून कायदाही महत्त्वाचा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू परवान्याशिवाय विकण्याचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. नांगराला लागलेला तोफगोळा भंगारात गेला, तर वजनाप्रमाणे पैसे मिळतात. तो कोणत्या शिवारात मिळाला, ही माहिती मात्र कायमची जाते.

१८/
विदर्भातील वस्तूंसाठी १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा ‘अजबबंगला’, आहे. अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रणगाड्यावर कारखान्याचा क्रमांक असतो, त्याच्या पलटणीचे कागद असतात. घरातल्या तलवारीला यांपैकी काहीच नसते. तिची पहिली नोंद घरातल्यांनाच करावी लागते.

१९/
त्यासाठी एक वही पुरे. वस्तूचे सर्व बाजूंनी छायाचित्र, लांबी आणि वजन. ती घरात कोणाकडून, कोणत्या गावाहून आली. हे कोणी सांगितले आणि कधी सांगितले. ऐकीव माहिती ‘ऐकीव’ म्हणूनच लिहावी. घासू नये, तेल-शेंदूर पात्याला लावू नये, पूजा शेजारी फूल ठेवूनही होते. घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असलेले गावाचे नाव त्यांच्यासोबत गेले, तर ते नंतर कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही.

२०/
साखरखेर्ड्याची लढाई होऊन तीनशे वर्षे उलटली. त्या मातीतील एखादे पाते आजही वऱ्हाडातील कोणाच्या माळ्यावर असेल, तर त्याला संग्रहालयाच्या काचेआधी एका ओळीची गरज आहे : कोठून आले, कोणी सांगितले. येत्या दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या वेळी ही ओळ लिहून ठेवावी.

(समाप्त)